स्टोअर्ड प्रोसिजर बिघडली की कुठून सुरुवात करायची

चुकीचा निकाल देणारी किंवा एकाएकी मंदावलेली स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने बोलावता येणारा एसक्यूएल कोड) समोर आली की लगेच कोडला हात लावू नका. आधी ॲप्लिकेशनकडून येणारा कॉल जसाच्या तसा पकडा. कोड बऱ्याचदा जुनाच असतो. बदललेले असतात ते पॅरामीटर, डेटा किंवा कनेक्शनची सेटिंग्ज. पुढचा तपशील एसक्यूएल सर्व्हरचा आहे. ऑरॅकल, पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएलवर शोधाचा क्रम हाच राहतो, साधनं बदलतात.

एक्स्टेंडेड इव्हेंट्सचं (सर्व्हरवरच्या घडामोडी नोंदवणारी सोय) सेशन लावा आणि आरपीसी_कम्प्लीटेड हा इव्हेंट प्रोसिजरच्या नावाने फिल्टर करा. पॅरामीटरच्या खऱ्या व्हॅल्यूंसकट पूर्ण कॉल मिळेल. तो चाचणीच्या डेटाबेसवर, बिगिन ट्रॅन (ट्रान्झॅक्शन सुरू) आणि रोलबॅक (केलेलं सगळं उलटवणं) यांच्यामध्ये चालवा. चालू सर्व्हरवर हे करू नका: रोलबॅक होईपर्यंत लॉक अडकून राहतात, आणि आयडेंटिटीचे (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकाच्या कॉलमचे) वापरले गेलेले आकडे रोलबॅकनेही परत येत नाहीत.

ॲपमधून मंद, मॅनेजमेंट स्टुडिओत झटपट

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि तिचं कारण ठरलेलं असतं. मॅनेजमेंट स्टुडिओ (क्वेरी लिहून चालवण्याचं साधन) ॲरिथअबॉर्ट (आकडेमोडीत चूक झाली की क्वेरी थांबवणारं सेटिंग) चालू ठेवतो, डॉट नेटमधून आलेलं कनेक्शन ते बंद ठेवतं. सेटिंग वेगळं असल्यामुळे दोघांसाठी वेगवेगळे प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा सर्व्हरने ठरवलेला आराखडा) कॅशमध्ये बसतात. म्हणून तपासण्यापूर्वी क्वेरी विंडोत सेट ॲरिथअबॉर्ट ऑफ लिहा. आता ॲपला मिळतो तोच प्लॅन दिसेल. ॲरिथअबॉर्ट चालू केल्याने वेग सुधारला असं समजून तेच ॲपमध्ये घालू नका, कारण सुधारणा नव्याने बनलेल्या प्लॅनची असते.

खरं मूळ पॅरामीटर स्निफिंगमध्ये असतं. पहिल्या कॉलमध्ये ज्या व्हॅल्यू आल्या त्यांना साजेसा प्लॅन बनतो आणि पुढच्या सगळ्यांना तोच वापरावा लागतो. दहा रो असलेल्या ग्राहकासाठी योग्य असलेला इंडेक्स सीक (इंडेक्समधून नेमक्या रो शोधणं) दहा लाख रो असलेल्या ग्राहकाला महागात पडतो. ॲक्च्युअल प्लॅनच्या सिलेक्ट नोडची प्रॉपर्टी उघडा, पॅरामीटर लिस्टमध्ये कम्पाइल झालेली आणि चालवलेली व्हॅल्यू शेजारी शेजारी दिसते. तफावत मोठी असेल तर फक्त त्या एका स्टेटमेंटला ऑप्शन रिकम्पाइल जोडा, म्हणजे दर वेळी नवा प्लॅन बनेल. मिनिटाला हजारो वेळा चालणाऱ्या क्वेरीला मात्र ते लावू नका, प्रत्येक कम्पाइलला सीपीयू लागतो. एसपी_रिकम्पाइल (प्रोसिजरचा जुना प्लॅन टाकून देणारी आज्ञा) चालवून आराम पडतो, पण तो पुढचा विचित्र पॅरामीटर येईपर्यंतच.

निकालच चुकत असेल तर

पॅरामीटरची लांबी टेबलच्या कॉलमशी ताडून पाहा. वारकॅर(१०) पॅरामीटरला १२ अक्षरं दिली तर शेवटची दोन एरर न देता कापली जातात. लांबी लिहिलीच नाही तर एकच अक्षर उरतं. दुसरा सापळा व्हेरिएबलचा. सिलेक्टने व्हॅल्यू भरताना एकही रो सापडली नाही, तर व्हेरिएबलमध्ये जुनीच व्हॅल्यू राहते. लूपमध्ये यामुळे मागच्या ग्राहकाची रक्कम पुढच्याच्या नावावर चढते. सेट आणि कंसातली क्वेरी वापरली तर अशा वेळी नल (व्हॅल्यूच नाही) मिळतो. नॉट इनच्या उपक्वेरीत एक जरी नल आला तरी निकाल रिकामा येतो. तिथे नॉट एक्झिस्ट्स लिहा.

मॅनेजमेंट स्टुडिओच्या १८ व्या आवृत्तीपासून टी-एसक्यूएल डीबगर काढून टाकला आहे, त्यामुळे माग ठेवण्याची सोय प्रोसिजरमध्येच हवी. @डीबग नावाचा बिट पॅरामीटर शेवटी ठेवा, डीफॉल्ट ०. प्रिंटचा मजकूर बफरमध्ये साचतो. रेझएरर सिव्हेरिटी ० आणि विथ नोवेट दिलं तर तो ताबडतोब दिसतो. माग लॉग टेबलमध्ये लिहिलात आणि रोलबॅक झाला तर त्या नोंदीही पुसल्या जातात. टेबल व्हेरिएबलवर रोलबॅकचा परिणाम होत नाही, म्हणून नोंदी आधी त्यात गोळा करा आणि रोलबॅकनंतर लॉग टेबलमध्ये टाका.

ट्रान्झॅक्शन

सुरुवातीलाच सेट नोकाउंट ऑन (किती रो बदलल्या हे संदेश बंद) आणि सेट एक्सॲक्ट_अबॉर्ट (XACT_ABORT) ऑन (एरर आली की ट्रान्झॅक्शन आपोआप रोलबॅक) लिहा. दुसरी ओळ विसरली तर काय होतं ते नीट समजून घ्या: क्लायंटचा टाइमआउट झाला (डॉट नेटमध्ये डीफॉल्ट ३० सेकंद) की सर्व्हर काम थांबवतो, पण कॅच ब्लॉक (एरर हाताळणारा भाग) चालतच नाही. ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, लॉक सुटत नाहीत आणि मागे रांग लागते. कॅचमध्ये @@ट्रॅनकाउंट ० पेक्षा जास्त असेल तर रोलबॅक, मग थ्रो (तीच एरर वर पाठवणं). एरर गिळून ० परत करणारा कॅच ठेवू नका. आतल्या प्रोसिजरचा रोलबॅक बाहेरचंही सगळं उलटवतो आणि वर २६६ क्रमांकाची एरर येते, त्यामुळे ट्रान्झॅक्शन कोण उघडणार आणि कोण बंद करणार हे आधीच ठरवा.

देखभाल

प्रत्येक प्रोसिजरची वेगळी फाइल गिटमध्ये ठेवा आणि क्रिएट ऑर ऑल्टर वापरा (२०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून). ड्रॉप करून पुन्हा बनवलं तर दिलेल्या परवानग्या जातात. नाव एसपी_ ने सुरू करू नका, ते सिस्टिम प्रोसिजरसाठी राखीव आहे. एसपी_रीनेमही टाळा, सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्समधल्या (प्रोसिजरचा कोड इथे साठवलेला असतो) मजकुरात जुनंच नाव राहतं.

एखादी प्रोसिजर कोण वापरतं हे शोधताना डिपेंडन्सीच्या यादीवर विसंबू नका. डायनॅमिक एसक्यूएल (चालताना मजकूर जोडून बनवलेली क्वेरी) त्यात दिसत नाही. सगळ्या मॉड्यूल्सच्या मजकुरात नाव शोधा, एमएसडीबीमधल्या (वेळेवर चालणाऱ्या कामांची नोंद ठेवणारा सिस्टिम डेटाबेस) जॉब स्टेप्स पाहा, ॲपचा कोडही चाळा. डीएम_एक्झेक_प्रोसिजर_स्टॅट्समध्ये (प्रोसिजर किती वेळा चालली याची आकडेवारी) नोंद नसणं हा पुरावा नाही: सर्व्हर रीस्टार्ट झाला किंवा प्लॅन कॅशमधून गेला की नोंद नाहीशी होते. वर्षअखेरीला एकदाच चालणाऱ्या प्रोसिजर अशाच चुकून उडवल्या जातात. शंका असेल तर तिच्या सुरुवातीला लॉग टेबलमध्ये एक नोंद टाकणारी ओळ घाला, पूर्ण आर्थिक वर्ष जाऊ द्या आणि मगच काढा.