बिल जादा आलंय? भांडायच्या आधी मीटरसमोर उभं राहा

बिल नेहमीच्या दुप्पट-तिप्पट आलं की माणूस ते खिशात घालून तडक वीज कंपनीच्या ऑफिसात जातो. खिडकीपाशी "मीटर फास्ट पळतोय" म्हणून आवाज चढवतो आणि "आधी भरा, मग बघू" एवढं ऐकून परत येतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत मी बरीच वर्षं वायरमनचं काम करतोय. पंख्याचा कंडेन्सर न्यायला आलेली माणसंसुद्धा बिल पुढं करून "हे जरा बघा की" म्हणतात. त्यांना जे सांगतो तेच इथं नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट, "मीटर फास्ट" हे शब्द सुरुवातीला तोंडातून काढूच नका. प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही वेगळे आहेत. रीडिंग बरोबर घेतलंय का? मीटर बरोबर मोजतोय का? आणि मोजलेली वीज खरंच तुमच्याच घरात गेली का? तिन्हींची तपासणी वेगळी आणि दादही वेगळ्या तऱ्हेनं मागावी लागते. माझ्या अनुभवात मीटर स्वतः बिघडलेला फार कमी वेळा निघतो. बाकीच्या दोन प्रश्नांतच बहुतेक उत्तरं सापडतात.

बिल उघडल्यावर आधी रक्कम सोडा, युनिट बघा. युनिट नेहमीएवढेच असतील आणि रक्कम तेवढी फुगली असेल, तर वाढ वापराची नाही. मागची थकबाकी, व्याज किंवा समायोजनाची रक्कम कुठं बसलीय ते शोधा. एप्रिल-मेच्या सुमाराला अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. वर्षभराच्या बिलांची सरासरी काढून ठेव कमी पडत असेल तर फरक मागतात. ती ठेव तुमच्या नावावर राहते, तिच्यावर व्याज मिळतं. ते चुकीचं बिल समजून वाद घालत बसणारी माणसं दर उन्हाळ्यात दुकानात येतात.

युनिटच वाढलेत? मग बिल घेऊन मीटरसमोर जा. मीटरच्या पडद्यावर आकडे सारखे बदलत असतात. व्होल्टेज, करंट, मागणी असं काय काय दिसतं. ज्या आकड्याशेजारी केडब्ल्यूएच (kWh, म्हणजे युनिट) लिहिलेलं असतं तेवढंच तुमचं रीडिंग. बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग छापलेलं असतं, मीटरचा नंबरही असतो. आधी नंबर जुळवा. मग बघा, बिलावरचं चालू रीडिंग मीटरवरच्या आजच्या आकड्यापेक्षा मोठं आहे का. मीटर उलटा फिरत नाही. बिल पुढं आणि मीटर मागं असेल तर रीडिंग चुकलंय, पुढं काही सिद्ध करायची गरजच नाही. मीटर नंबर आणि आकडा दोन्ही स्वच्छ दिसतील असा फोटो तिथंच काढा, जमलं तर बिलावरच्या रीडिंगच्या तारखेच्या जवळपास.

रीडिंग जुळलं तर बिलावरच्या मीटरच्या स्थितीच्या रकान्याकडं बघा. तिथं लॉक्ड, आरएनए (रीडिंग मिळालं नाही) किंवा फॉल्टी असं काही असेल तर ते बिल सरासरीचं आहे, म्हणजे रीडिंग न घेता आधीच्या वापरावरून काढलेलं. घर बंद होतं, मीटर जिन्याखाली कुलपात होता, पुरात बुडाला, कारण काहीही असो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा या भागांत ज्यांचे मीटर पाण्याखाली गेले त्यांना सरासरीची बिलं काय असतात हे चांगलंच ठाऊक आहे.

सरासरी संपून खरं रीडिंग लागतं त्या महिन्यात बिल एकदम उसळतं, आणि खरी तपासायची जागा हीच आहे. आपल्याकडं घरगुती विजेचा दर टप्प्यांनी वाढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, ३०१ ते ५०० त्याहून महाग, अशी चढण आहे. समजा तीन महिन्यांचे मिळून ३३० युनिट एकाच बिलात आले. ते एका महिन्याचे धरले तर १०० युनिटांना पहिला दर, २०० ना दुसरा आणि ३० ना तिसरा लागेल. तेच तीन महिन्यांत विभागले तर महिन्याला ११० होतात, म्हणजे एकूण ३०० युनिटांना पहिलाच दर आणि फक्त ३० ना दुसरा. युनिट तेच, रकमेत केवढा फरक! २०२० च्या जून महिन्यात, टाळेबंदीतल्या महिन्यांचा हिशेब एकदम आला तेव्हा घराघरात हाच प्रश्न विचारला जात होता. बिल किती महिन्यांचं आहे आणि टप्पे तेवढ्या महिन्यांत विभागलेत का, हे विचारा. मधल्या काळात भरलेली सरासरीची रक्कम वजा झालीय का, तेही बघा. या सगळ्याचा पुरावा एकाच कागदात असतो. ग्राहकाच्या खात्याचा महिनावार उतारा, ऑफिसात त्याला सीपीएल म्हणतात. ही अक्षरंच लक्षात ठेवा आणि तो उताराच मागा. महिन्यामहिन्याचं रीडिंग, मीटरची स्थिती, लावलेली रक्कम, सगळं त्यात असतं.

इथवर सगळं बरोबर निघालं तर मग मीटरची परीक्षा. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रीजची पिनही काढा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, तो थांबला पाहिजे. इन्व्हर्टर, सीसीटीव्ही, डोअरबेल विसरू नका, तेही वीज खातात. मग एकच उपकरण लावा, ज्याचा वॅट माहीत आहे आणि जे आपोआप बंद-चालू होत नाही. पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड उत्तम. आधी रॉड पाण्याच्या बादलीत, मग बटण, आणि बटण चालू असेपर्यंत पाण्याला हात नाही. मीटरच्या पाटीवर युनिटला किती इम्पल्स, म्हणजे दिवा किती वेळा लुकलुकणार, ते छापलेलं असतं, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं. तसं असेल तर १००० वॅटवर दिवा मिनिटाला साधारण ५३ वेळा लुकलुकायला हवा. १६०० असेल तर त्याच्या निम्म्यानं. व्होल्टेज पडलेलं असलं की आकडा आणखी खाली येईल, त्याची काळजी नको. पण ५३ च्या जागी ८०-९० मोजले तर मात्र तक्रारीला दम आहे.

आणि सगळं बंद असताना दिवा लुकलुकतच राहिला तर? आपल्या पेठांमधले जुने वाडे बघता ह्यावर जरा जास्त लिहायलाच पाहिजे.

आत्ताचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेज (करंट येतो ती वायर) आणि न्यूट्रल (परत जातो ती), दोन्ही वायरींमधला करंट मोजतात. दोन्हींत फरक पडला तर जो जास्त असेल तो धरून युनिट मोजतात. चोरी पकडायला केलेली ही सोय आहे. पण वाड्याच्या वाटण्या झाल्या, दोघा भावांनी दोन मीटर घेतले, आतलं वायरिंग मात्र आजोबांच्या काळातलं तसंच राहिलं, अशा घरात ही सोय अंगाशी येते. शिवाजी पेठेतल्या एका वाड्यात थोरल्यांचं घर दिवसभर बंद असायचं, तरी बिल चढतच होतं. धाकट्यांनी माडीवर गिझर बसवला तेव्हापासून. थोरल्यांच्या घरचा मेन एमसीबी पाडला तरी त्यांच्या मीटरचा दिवा लुकलुकत होता आणि मीटरवरचा अर्थचा दिवाही (दोन वायरींतला फरक दाखवणारा) लागलेला. जिन्याखालच्या जुन्या लाकडी बॉक्समध्ये दोन्ही घरांचे न्यूट्रल एकत्र पिळलेले सापडले. गिझरचा करंट येताना धाकट्यांच्या फेजमधून यायचा, जाताना काही भाग थोरल्यांच्या न्यूट्रलमधून जायचा. धाकट्यांचा मीटर फेज मोजत होता, थोरल्यांचा मीटर न्यूट्रल. एकाच गिझरचे पैसे दोन्ही भाऊ भरत होते, आणि एकमेकांवर चोरीचा संशय घेऊन बोलणंही बंद झालं होतं. न्यूट्रल वेगळे केले, बिल जागेवर आलं. मागची बिलं मात्र भरावीच लागली, कारण दोष घरातल्या वायरिंगचा होता, वीज कंपनीकडं त्यावर दाद नाही.

याची एक खूण आधीच दिसते. नवा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती दिसली की वीज तोडणारा स्विच, बसवला आणि तो सारखा पडायला लागला की लोक मला तो काढून टाकायला सांगतात. मी काढत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतोय म्हणजे करंट भलत्याच वाटेनं चाललाय. एकतर न्यूट्रल मिसळलेत किंवा गिझरची कॉइल, मोटरचं वाइंडिंग अर्थला गळतंय. करंट गळणारा गिझर बिल वाढवतोच, पण त्याच्या पाण्याखाली तुमची पोरं अंघोळ करतात. बिलाचं नंतर बघू, तो गिझर आज बंद करा.

अपार्टमेंटमध्ये वेगळाच घोटाळा होतो. मीटररूममध्ये दहा-वीस मीटर ओळीनं असतात आणि फ्लॅटच्या वायरी कधीतरी अदलाबदल झालेल्या असतात. राजारामपुरीत एका काकूंना शेजारच्या एसीचं बिल येत होतं. एक माणूस मीटरपाशी उभा करा, फ्लॅटमधला मेन पाडा आणि फोनवर विचारा कुठला दिवा थांबला. बिलावरच्या नंबरचाच थांबला पाहिजे. नाही थांबला तर दोन्ही फ्लॅटवाल्यांनी मिळून अर्ज द्या, एकट्यानं देऊ नका.

आता अर्ज. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. वीज कंपनीच्या आपल्या उपविभागाच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्जात रडगाणं नको, आकडे हवेत. मी लिहून देतो तो साधारण असा असतो:

"माझ्या घराचा मागील सहा महिन्यांचा सरासरी वापर ९५ युनिट आहे. मे महिन्याच्या बिलात ४१२ युनिट आकारले आहेत. बिलावरील चालू रीडिंग ८७४६ असून त्यानंतर मी काढलेल्या फोटोत मीटरवर ८४३९ दिसत आहे. फोटो सोबत जोडला आहे. तरी प्रत्यक्ष पडताळणी करून बिल दुरुस्त करून द्यावे. वाद मिटेपर्यंत वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार मागील सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम निषेध नोंदवून भरण्यास मी तयार आहे."

वर ग्राहक क्रमांक, मीटर नंबर, मोबाइल. बस्स.

शेवटचं वाक्य गाळू नका, घरातली वीज तेच राखतं. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. थकबाकीसाठी तोडायची झाली तरी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. काहीच न भरता नुसतं हटून बसलात तर मात्र कायदा तुमच्या बाजूनं राहत नाही.

मीटरवरच शंका असेल तर मीटर तपासणीचा वेगळा अर्ज करून शुल्क भरा. जागेवर ॲक्यूचेक (मीटर तपासायचं यंत्र) लावून किंवा मीटर काढून लॅबमध्ये तपासणी होते. तुम्ही हजर राहणार असं अर्जातच लिहा आणि अहवालाची प्रत मागून घ्या. मीटर सदोष निघाला तर अहवालाप्रमाणे बिल दुरुस्त होतं, तेही जास्तीत जास्त मागच्या तीन महिन्यांपुरतं. म्हणून शंका आली की वर्षभर थांबू नका.

तिथं दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. कोल्हापूर परिमंडळाचा मंच आहे, वकील द्यावा लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडं जाता येतं, आपल्याला मुंबईचं कार्यालय. मात्र कलम १२६ खाली अनधिकृत वापराचं किंवा १३५ खाली चोरीचं प्रकरण लावलं असेल तर ते मंचापुढं चालत नाही. तसा कागद हातात पडला तर त्यावरचं कलम वाचून त्याच दिवशी वकिलाकडं जा.

मीटर बदलायला माणसं आली, मग तो बिघडला म्हणून असो की नवा स्मार्ट मीटर म्हणून, घरात कुणीतरी मोठं माणूस थांबा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं रीडिंग, दोन्हींचे फोटो काढा. बदलीच्या कागदावर तेच आकडे लिहिलेत का ते बघून मगच सही करा. जुना मीटर एकदा गाडीत गेला की त्यावर काय आकडा होता ते तुमच्या फोटोशिवाय कुणीच सांगू शकत नाही.