दिवाडी बेटावरील जुने घर कसे दुरुस्त करावे: पावसाचे आणि पाखरांचे वेळापत्रक सांभाळून

गोव्यात मांडवीच्या पात्रात वसलेल्या दिवाडी बेटावर जायचे तर रायबंदर, जुने गोवे किंवा नार्वे येथून फेरीबोट धरावी लागते. कोकण रेल्वे या बेटावरून जाते, पण तिथे थांबत नाही. बेटावर जांभ्या चिऱ्याची, मंगळुरी कौलांची, दारासमोर बल्कांव (दगडी बाकांचा ओटा) असलेली कितीतरी घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद आहेत. असे घर वारशाने आले असेल किंवा विकत घेतले असेल, तर पहिल्यांदा एक गोष्ट मान्य करावी: दहा-पंधरा वर्षे बंद असलेले घर रिकामे नसते. माळ्यावर गव्हाणी घुबड, वळचणीला पाकोळ्या, भिंतीच्या भोकात दयाळ आणि आढ्याला वटवाघळे असे बिऱ्हाड तिथे थाटलेले असते. त्यांना हुसकावून लावल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, हा समज चुकीचा आहे. कामाचा क्रम नीट लावला आणि साहित्य योग्य निवडले, तर घर टिकते आणि त्यातले हे रहिवासीही टिकतात.

आधी एक पावसाळा पाहावा

घर ताब्यात येताच हातोडा उचलू नये. शक्य असेल तर जून ते सप्टेंबर या काळात अधूनमधून तिथे राहावे आणि पाणी कुठून गळते, कोणत्या भिंतीला किती उंचीपर्यंत ओल चढते, अंगणातले पाणी कुठे साचते याच्या नोंदी घराच्या साध्या नकाशावर कराव्यात. त्याच नकाशावर दुसऱ्या रंगाने घरटी, घुबडाने टाकलेल्या गोळ्या आणि वटवाघळांची विष्ठा दाखवावी. घुबड उंदरांची हाडे आणि केस गोळ्यांच्या रूपाने ओकून टाकते, त्यामुळे माळ्यावर ते नेमके कुठे बसते ते या गोळ्यांवरून कळते. हा दुरंगी नकाशा पुढे गवंडी आणि सुतार यांच्या हाती द्यायचा असतो.

या महिन्यांतच कागदपत्रे गोळा करावीत. १/१४ चा उतारा (जमिनीच्या हक्कनोंदीचा दाखला), सर्व सहमालकांची लेखी संमती आणि घराची जुनी घरपट्टी हाताशी ठेवून ग्रामपंचायतीकडे दुरुस्तीच्या परवान्यासाठी अर्ज करावा. घर भरतीच्या पाण्याजवळ असेल, तर किनारी नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. जुन्या बांधकामाच्या मर्यादेत राहून केलेली दुरुस्ती वेगळी आणि वाढीव बांधकाम वेगळे, हा भेद तिथे महत्त्वाचा ठरतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हे शिकारीच्या व्याख्येत येते, हेही कंत्राटदाराला काम देतानाच सांगून ठेवावे.

कामाचा क्रम

कौले परतण्याचे काम एप्रिल-मे महिन्यांत उरकण्याची आपल्याकडे रीत आहे. दरवर्षीच्या किरकोळ शाकारणीसाठी ती ठीक आहे. परंतु संपूर्ण छप्पर उतरवायचे असेल, तर ते नोव्हेंबर ते जानेवारीत करावे असे माझे ठाम मत आहे. उन्हाळा सुरू होताच दयाळ, साळुंकी आणि पिंगळा यांची वीण सुरू होते, आणि वटवाघळांच्या अनेक जातींची पिल्ले पावसाळ्याच्या तोंडावर जन्मतात. त्या काळात छप्पर उघडले, तर पिल्ले हमखास मरतात. गव्हाणी घुबडाची वीण मात्र हिवाळ्यातही होऊ शकते, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी माळा पुन्हा एकदा तपासावा आणि अंडी किंवा पिल्ले आढळल्यास तेवढा भाग पिल्ले उडेपर्यंत सोडून द्यावा. छपरानंतर जानेवारी ते मार्चमध्ये भिंतींचा गिलावा घ्यावा, कारण चुन्याला सावकाश सुकणे मानवते आणि एप्रिलचे ऊन त्याला तडे पाडते. फरशी, दारे-खिडक्या आणि वीजजोडणी ही आतली कामे शेवटी ठेवावीत.

वाळू, चुना, चिरे आणि लाकूड हे सारे फेरीबोटीने येणार असल्यामुळे फेरीवर किती वजनाचे वाहन घेतात याची चौकशी आधीच करावी, मोठ्या ट्रकऐवजी छोटे टेम्पो ठरवावेत आणि कचेरीला जाणाऱ्यांच्या गर्दीची वेळ टाळावी. ओहोटीला धक्क्याचा उतार अधिक तीव्र होतो, म्हणून जड सामान भरतीच्या सुमारास आणलेले बरे. एक खिळा कमी पडला म्हणून नदी ओलांडावी लागते, तेव्हा यादी करताना हात सैल ठेवावा.

छप्पर

१९व्या शतकात बासेल मिशनने मंगळूरला कौलांचे कारखाने उभारले आणि तिथली कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वदूर पोहोचली. जुनी कौले भरपूर भाजलेली असतात, म्हणून सरसकट फेकू नयेत. प्रत्येक कौल उतरवल्यावर बोटाने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ते ठेवावे, बद्द आवाज आला तर बाजूला करावे. वासे आणि रिपा यांची टोके टोचून वाळवी तपासावी आणि जेवढा भाग सडला असेल तेवढाच कापून नवा सांधावा. आतल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड यांचे पाण्यातले द्रावण लावल्यास वाळवी आणि बुरशी यांना आळा बसतो. मात्र ते पावसात धुऊन जाते, म्हणून छपराखालच्या कोरड्या लाकडालाच वापरावे.

कौलांखाली पत्रा घालण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये असे मला वाटते. पत्र्यामुळे कौलांमधून वाहणारी हवा अडते, माळा तापतो आणि पाखरांच्या वाटाही बंद होतात. त्याऐवजी छपराचा उतार पुरेसा ठेवावा, आढ्यावरची कौले चुना-सुरखीत बसवावीत आणि एखाददुसरे काचेचे कौल घालून उजेड घ्यावा. फुटक्या कौलांचाही उपयोग आहे: ती दळून सुरखी तयार करावी, कारण भाजलेल्या मातीची ही पूड चुन्यात मिसळली की गिलावा ओलीतही घट्ट होतो.

घुबडाची जागा माणसांच्या वावराच्या खोलीवर येत असेल, तर ती हलवता येते. त्रिकोणी भिंतीच्या वरच्या भागात साधारण १५ सें.मी. चौरस तोंड ठेवून आतल्या बाजूला लाकडी पेटी बसवावी, आणि नवी जागा तयार झाल्यानंतरच जुनी बंद करावी. वटवाघळे नको असतील, तर ती बाहेर पडण्याच्या वाटेवर बाहेरच्या बाजूने सैल जाळी अशी लटकवावी की त्यांना खाली सरकून बाहेर पडता येईल, पण परत आत शिरता येणार नाही. हे कामही पिल्ले नसतानाच, म्हणजे हिवाळ्यात करावे.

भिंती

या बेटावरच्या घरांचे सर्वाधिक नुकसान सिमेंटने केले आहे. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत घट्ट होतो, पण सच्छिद्रच राहतो. जमिनीतली ओल आणि खाडीकडची खारट हवा तो शोषून घेतो आणि कोरड्या दिवसांत बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार गिलाव्यामागे साचून स्फटिक होतात आणि पापुद्रे सुटू लागतात. मग लोक तेच पापुद्रे खरवडून पुन्हा सिमेंट लावतात, आणि दर दोन-चार वर्षांनी तोच खर्च करत बसतात.

म्हणून पहिल्यांदा सिमेंटचा गिलावा हलक्या हाताने काढावा, सांधे मोकळे करावेत आणि भिंत काही आठवडे सुकू द्यावी. चुना विरवताना कळीचा चुना पाण्यात टाकावा, चुन्यावर पाणी कधीही ओतू नये, कारण तो क्षणात उकळून उडतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असल्याशिवाय कोणालाही जवळ येऊ देऊ नये. विरवलेला चुना पाण्याखाली निदान दोन-तीन आठवडे मुरवावा. जास्त मुरला तर अधिक चांगला. पहिल्या थरासाठी एक भाग चुना आणि तीन भाग वाळू असे प्रमाण धरावे, थर सुमारे १ सें.मी. पेक्षा जाड घेऊ नये, आणि तो ओलसर गोणपाटाने झाकून सावकाश सुकवावा. समुद्राची वाळू वापरू नये. उन्हाळ्यात नदीकाठच्या विहिरींचे पाणी मचूळ होते, त्या पाण्यातही चुना कालवू नये, नाहीतर क्षार आपणच भिंतीत घातल्यासारखे होते.

गिलावा करताना दयाळाच्या घरट्याचे भोक बुजवू नये. भोवतीचा गिलावा कडेपर्यंत आणून तोंड मोकळे ठेवावे. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने असतील, तर त्यांना जिवापाड जपावे. हे अर्धपारदर्शी शिंपले वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, आणि त्या तावदानांमधून येणारा मंद उजेड साध्या काचेतून मिळत नाही.

राडारोडा खाजणात (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत) किंवा कांदळवनात टाकू नये. खाजणाचे बांध आणि मानशी (पाणी आत-बाहेर सोडण्याची दारे) यांवर भातशेती आणि मासळी दोन्ही अवलंबून असतात. चिऱ्यांचे तुकडे कुंपणाला आणि पायवाटेला वापरता येतात.

उंदीर, साप आणि दिवे

घरात उंदीर असले तरी विषारी वड्या ठेवू नयेत. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही मरते, आणि मग उंदीर आणखी वाढतात. पिंजरे लावावेत आणि धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवावे. कौलांच्या व चिऱ्यांच्या ढिगांत नाग, घोणस किंवा फुरसे दडलेले असू शकते. ढीग काठीने हलवल्याशिवाय हात घालू नये, मजुरांना बूट द्यावेत आणि सर्पमित्राचा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. साप चावल्यास बांबोळीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तातडीने नेण्यासाठी रात्रीच्या फेरीच्या वेळा घरातल्या सर्वांना ठाऊक असाव्यात.

बाहेरचे दिवे पिवळसर, खाली झाकलेले आणि मोजकेच असावेत. प्रखर पांढऱ्या दिव्यांभोवती किडे गोळा होतात आणि घुबडे आपली जागा सोडतात.

पाहण्याची जागा

दुरुस्तीचे महिने हेच बेटावर पक्षी पाहण्याचेही महिने आहेत. नदीपलीकडे चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली जाहीर झालेले हे अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे आहे, पण कांदळवनात खंड्यांच्या अनेक जाती, बगळे आणि चिखलात सरपटणाऱ्या निवट्या (एक प्रकारचे मासे) दिसतात. दिवाडीच्या खाजणांत हिवाळ्यात शेकाटे, तुतवार आणि बदके उतरतात, आणि वर ब्राह्मणी घार घिरट्या घालत असते. चिखल उघडा पडला की चरणारे पक्षी जवळ येतात, म्हणून ओहोटीची वेळ पाहून कामगारांना सुट्टी द्यावी आणि आपण दुर्बीण घेऊन बसावे. ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती अधिक खोल असते. या बैठकीसाठी बल्कांव सर्वांत योग्य. तिथली जुनी दगडी बाके तोडून लोखंडी ग्रिल बसवू नये.

मे महिन्याच्या अखेरीस पन्हळी साफ कराव्यात आणि पहिल्या जोरदार सरीत छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. जुना दुरंगी नकाशा सोबत घ्यावा, गळतीची प्रत्येक खूण तपासावी आणि नव्याने ओल दिसेल तिथे पेन्सिलीने नोंद करून ते काम पुढच्या नोव्हेंबरच्या यादीत टाकावे.