जुनी स्पोर्ट्स कार घरी, बेताच्या खर्चात पुन्हा उभी करताना

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर उतरवण्याचे बेत बहुतेक वेळा एकाच जागी फसतात. पहिल्या उत्साहात सगळी गाडी उघडली जाते, सुटे भाग गॅरेजभर पसरतात आणि सहा महिन्यांनी कोणता बोल्ट कुठला, हे ज्याने तो काढला त्यालाच आठवत नाही. त्यामुळे गाडी शक्यतो स्वतःच्या चाकांवर उभी ठेवावी, एका वेळी एकच यंत्रणा उघडावी आणि ती जोडून, तपासून झाल्याशिवाय दुसरीला हात लावू नये. पुढचे सगळे याच सूत्राला धरून आहे.

खर्चाचा निकाल खरेदीच्या वेळीच लागतो. इंजिन बंद असलेली गाडी घ्यायला हरकत नाही, पण कुजलेल्या पत्र्याची गाडी फुकट मिळाली तरी महागच पडते. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे बोल्टने बसवलेले भाग असतात आणि ते बदलता येतात. पत्र्याच्या कामाला मात्र तासन्‌तास लागतात. उघड्या टपाच्या गाडीत तर छताचा आधार नसल्यामुळे दारांखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, हाच गाडीचा कणा असतो. १९८९ साली आलेल्या माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत कापडी टपावरचे पाणी वाहून नेणारी भोके पालापाचोळ्याने तुंबतात, पाणी सिलमध्ये उतरते आणि मागच्या चाकाच्या पुढचा पत्रा आतून सडतो. अशा जागी रंगाला बारीकसा फुगा दिसला, तर आतला पत्रा बहुधा गेलेलाच असतो.

तपासणीला पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पुरते. पोलादी पत्र्यावर ते ज्या जागी धरत नाही, तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. गालिचा उचलून तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावा आणि खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो का, ते ऐकावे. मग गाडी एका बाजूने जॅकवर उचलून दार उघडून पाहावे. दाराभोवतीची फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर सांगाडा ढिला झाला आहे. सिल कापून बदलण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आतून लोखंडी आधार ठोकलाच पाहिजे. नाहीतर गाडी मध्येच वाकते आणि त्यानंतर दारे कधीच नीट लागत नाहीत.

मॉडेल निवडताना देखणेपणाइतकाच सुट्या भागांचा विचार करावा. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे जवळपास सगळे भाग, अगदी संपूर्ण बॉडीसुद्धा, नव्याने बनवले गेले आहेत. दुर्मिळ गाडी स्वस्तात मिळते तेव्हा, ती स्वस्त का, याचे उत्तर बहुधा सुट्या भागांतच असते.

इंजिन उघडण्याआधी त्याचे कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजावे. इंजिन गरम करून सगळे स्पार्क प्लग काढावेत, इग्निशन (ठिणगीची जोडणी) आणि पेट्रोल बंद करावे, प्लगच्या भोकात दाबमापक बसवावा आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून स्टार्टरने इंजिन फिरवावे. सिलिंडरांच्या आकड्यांत साधारण १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसेल, तर इंजिन तसेच राहू द्यावे. एखादा आकडा कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत, वाढला नाही तर दोष व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये शोधावा. एकदा हे न करता मी थेट हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवले होते, आणि दोष निघाला तो स्पार्क प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतल्या केसाएवढ्या चिरेत. नवे गॅस्केट आणि दोन रविवार, दोन्ही वाया गेले.

पहिला पैसा ब्रेकवर घालावा. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरू नये. पक्क्या जमिनीवर स्टँड लावूनच शिरावे. जुन्या ब्रेक पॅड आणि शूंमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तिथली धूळ हवेने उडवू नये, ओली करून पुसावी. रबरी नळ्या नव्याच घालाव्यात. ब्रेकचे सिलिंडर उघडून आतला पृष्ठभाग बोटाने चाचपावा: गुळगुळीत असेल तर फक्त आतले रबरी सील बदलले तरी चालते, खड्डे लागले तर सिलिंडरच बदलावा. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइले हवेतली ओल शोषतात, त्यामुळे जुने ऑइल पूर्ण काढून टाकावे. डॉट ५ सिलिकॉनचे असल्याने ते त्यांच्यात मिसळू नये.

जुन्या गाडीत खरा वेळ जातो तो न सुटणाऱ्या बोल्टमागे. आधी वायर ब्रशने आटे साफ करावेत, गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे आणि सकाळी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार सरळ ठोके द्यावेत. पाना सहा कोनांचा घ्यावा, कारण बारा कोनांचा पाना झिजलेले डोके गोल करतो. मग बोल्ट सोडवण्याआधी किंचित घट्ट करावा. ‘टक्’ असा आवाज येऊन गंज तुटला, की अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत असे करत तो काढावा. आवाज न येता पाना मऊ वळत असल्यासारखे वाटले, तर थांबावे, कारण तो बोल्ट पिळवटून तुटण्याच्या बेतात असतो. उष्णता द्यायची झाली, तर पेट्रोलच्या आणि ब्रेकच्या नळ्या आधी दूर कराव्यात. निघालेला प्रत्येक बोल्ट नाव लिहिलेल्या पिशवीत जावा, आणि सोडवण्याआधी त्या जागेचा फोटो काढलेला असावा.

पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मिसळलेले इंधन मानवत नाही. त्या जागी इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घालाव्यात. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) घासणे, हेड सपाट करणे आणि सांगाड्याचे वेल्डिंग ही कामे, हात बसलेला नसेल तर, बाहेर द्यावीत. बाकीची बहुतेक कामे मॅन्युअल आणि टॉर्क पाना (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) यांच्या आधारे घरी होतात. रंग अगदी शेवटी द्यावा. आधी रंगवलेल्या गाडीवर पाना घसरला, की तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

इंजिन उघडले असेल, तर पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि पेट्रोल बंद ठेवून, ऑइलचा दाब दिसेपर्यंत ते स्टार्टरने फिरवावे. पहिल्या छोट्या फेरीनंतर चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. त्या रात्री गाडीखाली एक मोठा पुठ्ठा अंथरून, चाके कुठे आणि इंजिन कुठे, याच्या खुणा त्यावर पेन्सिलीने कराव्यात. सकाळी पुढे मध्यभागी काळपट डाग असेल, तर तो इंजिन ऑइलचा असतो, रेडिएटरखालचा रंगीत आणि चिकट डाग कूलंटचा, आणि चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, तेलकट ओल दिसली, तर ती ब्रेक ऑइलची असू शकते, म्हणून ती जागा उघडून नीट केल्याशिवाय गाडी हलवू नये.