बोअरच्या पाण्यात क्षार किती? घरीच आटवून मोजा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी, कागवाड, रायबागच्या काळ्या रानात उन्हाळ्यात वरंब्यांवर पांढुरका थर दिसतो, तो पाण्यातूनच आलेला असतो. पाण्याची वाफ होते, त्यात विरघळलेले क्षार मात्र वाफेबरोबर जात नाहीत. पाणी कमी होईल तसं उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होतं आणि पुढं क्षार खडे धरतात. हेच घरी करून आपलं पाणी तपासता येतं.

बोअर अर्धा तास चालवून मग दोन लिटर पाणी भरा. रात्रभर स्थिर ठेवून जाड फडक्यातून गाळा, नाहीतर गाळही क्षारात मोजला जाईल. स्टीलची हलकी वाटी कोरडी करून ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. ॲल्युमिनियमची नको, क्षारयुक्त पाणी तिला खातं. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवा आणि आटेल तसं गाळलेलं पाणी थोडं थोडं घालत राहा. वेळ लागतो, पण थेट जाळावर घाई केली की शेवटी क्षार तडतडून बाहेर उडतात आणि वजन कमी भरतं. पूर्ण सुकल्यावर वाटीचं बूड पुसा, निवताच तोला. काही क्षार हवेतला ओलावा ओढून जड होतात.

वाढलेलं वजन भागिले दोन, म्हणजे लिटरमागे किती ग्रॅम ते कळलं. अर्ध्या ग्रॅमच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. अर्धा ते दोन ग्रॅम असेल तर निचरा हवाच. दोनच्या वर असेल तर ते पाणी नुसतं देऊ नका, नदीचं किंवा कालव्याचं पाणी मिळेल तेव्हा त्यात मिसळून द्या. लिटरला एक ग्रॅम ही मात्रा क्षुल्लक वाटते. पण एकरात एक इंच पाणी म्हणजे सुमारे १ लाख ३ हजार लिटर, म्हणजे त्या एका पाळीत रानात शंभर किलो क्षार पडले!

वाटीतल्या थरावर थोडं पावसाचं किंवा आरओचं पाणी घालून ढवळा. विरघळलं ते मीठजातीचं. जे उरतं त्यावर व्हिनेगर टाका. फसफसलं तर तो चुना, म्हणजे कार्बोनेट. ठिबकचे ड्रिपर हाच बुजवतो. सोडियम किती आहे हे मात्र वाटीत कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच नमुना द्यावा लागतो. जिप्सम, म्हणजे मातीतलं सोडियम हटवायला टाकतात ती खनिज भुकटी, टाकायचं की नाही ते त्या अहवालावर ठरवा. सोडियम जास्त नसताना टाकलेलं जिप्सम वाया जातं.

सरीत पाणी दिलं की ओल वरंब्याच्या माथ्याकडं चढते, तिथं वाळते आणि क्षार माथ्यावर साठतात. म्हणून मिरची, वांग्याची रोपं माथ्यावर न लावता वरंब्याच्या बगलेला, मध्यावर लावा. ऊस सरीतच ठेवा.

पांढरा थर दिसला की आणखी पाणी सोडण्याची सवय आहे. निचरा असेल तर त्यानं क्षार खाली धुऊन जातात. पण खाली पाणी तुंबलेलं असेल तर भूजल वर येतं आणि उन्हाबरोबर आणखी क्षार माथ्यावर आणून सोडतं. आधी रानाच्या उताराला, पाणी बाहेर पडेल असा चर काढा, मग पावसाळ्यात बांध घालून गोडं पाणी जिरवा.