मूल बोलत नाही म्हणून तपासणीला निघालात? या चुका टाळा

‘अगं, याचा बाप तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता बघ, गप्प बसत नाही!’ दोन वर्षांच्या अबोल मुलाच्या आईला हे ऐकवणारं माणूस घरात एक तरी असतंच. त्यात खोटं काही नसतं. काही मुलं खरोखर उशिरा बोलतात आणि शाळेच्या वयापर्यंत बाकीच्यांना गाठतात. अडचण एवढीच की कोणतं मूल आपोआप गाठणार आणि कोणतं मागे राहणार, हे दोन वर्षांच्या वयात घरी बसून कुणालाही सांगता येत नाही. तपासणी त्यासाठीच करायची. पण तपासणीला निघालेले आईबाप मुलाच्या तोंडाकडेच बघत राहतात आणि कान, बोट, नजर यांकडे दुर्लक्ष होतं. पुढच्या बऱ्याचशा चुका तिथूनच सुरू होतात.

फक्त शब्द मोजणं

सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षं झाली तरी ‘बाबा ये’, ‘दूदू दे’ अशी दोन शब्दांची जोडी नाही किंवा दोन वर्षांत शब्द पन्नासपर्यंतही पोचलेले नाहीत, तर तपासणी करून घ्यावी. हे ठोकताळे उपयोगाचे आहेत, पण अपुरे. कुत्रा दिसला की मूल बोट दाखवून तुमच्याकडे वळून बघतं का? खेळात रमलेलं असताना नावाने हाक मारली तर मान वर करतं का? हाताने खूण न करता ‘चप्पल आण’ म्हटलं तर आणतं का? दोन वर्षांच्या एखाद्या मुलाकडे दहाच शब्द आहेत, पण त्याला सगळं समजतं आणि हवं ते ते खुणेने मागतं. दुसरं मोबाइलवरची पाच इंग्रजी बडबडगीतं अख्खी म्हणतं, पण पाणी हवं असलं तरी मागत नाही. घरच्यांना दुसरं हुशार वाटतं. माझ्या मते काळजी दुसऱ्याचीच जास्त करायला हवी.

आलेले शब्द गेले, आधी टाटा करणारं मूल आता करत नाही, असं असेल तर ‘पुढच्या महिन्यात बघू’ हा पर्यायच नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

‘मुलगे उशिराच बोलतात’ यात थोडं तथ्य आहे, पण तो फरक वर्षाचा नसतो, फार तर एखाद-दोन महिन्यांचा असतो. मूल दोन महिने आधी जन्मलेलं असेल, तर दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्या वयातून ते दोन महिने वजा करून बघतात. हे तपासणाऱ्याला आठवणीने सांगा.

कानांची तपासणी शेवटी ठेवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ‘त्याला ऐकू येतं हो, दार आपटलं की दचकतो.’ दार, ढोल, ट्रक यांच्या आवाजाला दचकणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक, उंच पट्टीतले आवाज ऐकू येत नसतील, अशी शक्यता असते. मग भाषा त्याच्यापर्यंत अर्धवटच पोचते. घरात पाठीमागून थाळी वाजवून केलेली परीक्षा काहीही सिद्ध करत नाही. थाळीचा हादरा, सावली, हवेचा झोत यांनीही मूल वळतं.

‘जन्मल्यावर केली होती की टेस्ट, पास झाला होता.’ प्रसूतिगृहात साधारणपणे होते ती ओएई चाचणी. आतल्या कानातल्या पेशी प्रतिसाद देतात की नाही, एवढंच ती बघते. आवाज पुढे नसेतून मेंदूपर्यंत पोचतो का, हे बेरा चाचणीत कळतं. जन्मतः खूप वाढलेली कावीळ किंवा अपुऱ्या दिवसांचा जन्म असेल, तर ओएई पास आणि बेरा बिघडलेली, असं होऊ शकतं. शिवाय मेंदूज्वर झाला, कानात पुन्हा पुन्हा पाणी साचलं, तर जन्माच्या वेळी चांगला असलेला कानही पुढे बिघडतो. म्हणून भाषा उशिरा येत असेल, तर जुना ‘पास’ कागद बाजूला ठेवून नव्याने तपासा.

बेराच्या दिवशी नेमकं बिनसतं ते झोपेवरून. मूल गाढ झोपलेलं असावं लागतं, त्यामुळे आदल्या रात्री उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा असं सांगतात. आईबाप ते सगळं नीट करतात आणि मूल रिक्षात वीस मिनिटं डुलकी काढून ताजंतवानं होऊन केंद्रात शिरतं. मग झोपेचं औषध देऊनही तास-तास झोपत नाही आणि दुसरी तारीख घ्यावी लागते. प्रवासात त्याला जागं ठेवायला बरोबर एक माणूस जास्तीचं न्या. डोकं धुऊन न्या आणि तेल लावू नका, कारण कपाळावर आणि कानामागे चिकटवायचे सेन्सर तेलकट त्वचेवर टिकत नाहीत. झोपेचं औषध केंद्रातच, तिथल्या माणसांच्या देखरेखीखाली द्यायचं. घरून पाजून नेऊ नये. सर्दी किंवा वाहता कान असेल तर आधी फोन करून विचारा.

ऐकण्यात दोष निघालाच तर घाई कशासाठी, हेही सांगतो. श्रवणयंत्र जितकं लवकर बसेल तितकी भाषा सोपी जाते. जन्मजात बहिरेपणासाठी कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्राला, केंद्र सरकारच्या ॲडिप या दिव्यांगांसाठीच्या साहाय्य योजनेतून मदत मिळते, पण तिला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. ‘बघू, बोलेल’ म्हणत चार वर्षं घालवलेल्या घरात मग कागदपत्रांची धावपळ उरते.

घरात मराठी बंद करणं

‘इंग्लिश मीडियमला घालायचंय, घरात दोन-तीन भाषा आहेत, त्यानेच गोंधळलंय’ असं ठरवून आजीला मराठी बोलायची बंदी करणारी घरं मी पाहिली आहेत. अनेक भाषा कानावर पडल्याने भाषेचा विकास खुंटत नाही. उलट ज्या भाषेत आईबाप मनापासून बोलतात, रागावतात, गोष्टी सांगतात, तीच काढून घेतली तर मुलाशी होणारं बोलणंच कमी होतं.

तपासणीला जाताना सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजा. आईशी मराठी, सांभाळणाऱ्या ताईंशी हिंदी, आजोबांशी अहिराणी, सगळं धरा. कुत्र्याला दरवेळी ‘भू’ म्हणत असेल, जेवणाला ‘मम्मं’ म्हणत असेल, तर तेही शब्दच. मुलाला घरात ‘फॅन’ माहीत असताना ‘पंखा कुठे’ विचारून गुण कापले जाऊ नयेत, म्हणून घरी कोणते शब्द वापरतो ते तपासणाऱ्याला आधीच सांगा. अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. तिथे तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ची, म्हणजे विकासात मागे पडणाऱ्या मुलांना लवकर मदत देणाऱ्या सरकारी सेवेची, तपासणी मोफत असते, पालक स्वतः फोन करून ती मागू शकतात आणि घरच्या भाषेत तपासणी व्हावी असा आग्रह धरण्याचा त्यांना कायद्याने हक्क आहे. तो सोडू नका.

परीक्षेची तयारी करून घेणं

आदल्या रात्री ‘नाक कुठे, कान कुठे’ची घोकंपट्टी, खोलीत गेल्यावर ‘सांग ना बाळा, काकांना सांग’, आणि तरी नाही बोललं की आईनेच दिलेलं उत्तर. यातून मूल आहे तसं दिसतच नाही. गुण वाढले तरी तोटा मुलाचाच, कारण हवी असलेली मदत मग उशिरा मिळते.

अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आपल्याकडे डीएएसआयआय ही चाचणी वापरतात. बडोद्याला काम केलेल्या प्रमिला फाटक यांनी ती भारतीय बाळांसाठी बेतली. ठोकळे, कप, घंटा, चित्रं अशा वस्तू देऊन मूल काय करतं ते बघतात, आणि हालचालींचा व बुद्धीचा असे दोन वेगळे विकासांक काढतात. चोवीस महिन्यांचं मूल अठरा महिन्यांच्या मुलासारखं वागत असेल तर विकासांक ७५. हा आकडा बुद्ध्यांक नाही. बुद्धीच्या भागात भाषेवरचे प्रश्नही असतात, त्यामुळे बाकी चांगलं असूनही केवळ बोलता न आल्याने आकडा खाली येऊ शकतो. आकडा बघून रडण्याआधी विचारा की कोणत्या भागात कमी पडलं.

बरोबर न्यायच्या वस्तूंत जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आधीचे रिपोर्ट आणि घरी खेळताना, जेवताना काढलेले दोन-तीन छोटे व्हिडिओ एवढं पुरे. अनोळखी खोलीत मिटून बसणाऱ्या मुलाचं खरं रूप त्या व्हिडिओतच दिसतं. वेळ मात्र मुलाच्या झोपेची आणि भुकेची बघून घ्या.

चुकीचं दार ठोठावणं

जीभ चिकटली आहे म्हणून ती कापून घेण्याचा सल्ला अजून सर्रास मिळतो. जिभेखालची पट्टी आखूड असेल तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण त्यामुळे मूल शब्दच शिकत नाही असं होत नाही. वेखंड उगाळून जिभेला लावल्यानेही वाचा फुटत नाही. जास्त झालं तर उलट्या होतात. ‘ब्रेन टॉनिक’च्या बाटल्यांवर पैसे घालवू नका.

खरी दारं अशी. कान ऑडिऑलॉजिस्ट तपासतो, भाषा स्पीच थेरपिस्ट, एकूण विकास बालविकासतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ऑडिऑलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. खर्च झेपत नसेल तर अंगणवाडीतून सुरुवात करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं आणि शंका वाटलेल्या मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. पथकाची वाट बघत बसण्याची गरज नाही, जिल्हा रुग्णालयात या केंद्राची थेट चौकशी करता येते. मुंबईत बांद्रा रेक्लमेशनची वाचा-श्रवणदोषांवर काम करणारी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालय, पुण्यात केईएम रुग्णालयाचं बालविकास केंद्र, ही जुनी, जाणती ठिकाणं.

तारीख मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसणं

चांगल्या केंद्रात तारीख कधीकधी महिन्यांनी मिळते. तोवर थांबू नका, स्पीच थेरपी निदानाआधीही सुरू करता येते. घरी समोरासमोर बसून बोला. प्रश्न विचारलात तर मनात दहापर्यंत मोजून वाट बघा. त्याने ‘बॉल’ म्हटलं तर तुम्ही ‘लाल बॉल’ म्हणा. मागण्याआधीच सगळं हातात देऊ नका. स्क्रीन बंद करा. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नकोच, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास. पण ‘व्हर्च्युअल ऑटिझम आहे, मोबाइल काढला की जाईल’ असं कुणी सांगितलं म्हणून तपासणी रद्द करू नका. जास्त स्क्रीनमुळे ऑटिझमसारखी, म्हणजे इतरांशी संवाद न साधण्याची, लक्षणं दिसतात असं मानून काहीजण हे नाव देतात. ते अधिकृत निदानाचं नाव नाही, आणि मोबाइल काढूनही काही मुलांना मदत लागतेच.

रिपोर्ट जुळत नसतील तर

एका ठिकाणी ‘ऑटिझमची शक्यता’, दुसऱ्या ठिकाणी ‘फक्त भाषेचा विलंब’ असं आलं की पालक तिसऱ्या, चौथ्या ठिकाणी फिरतात. आधी दोन्ही रिपोर्टमध्ये चाचणीचं नाव बघा. वीस प्रश्नांची एम-चॅट ही ऑटिझमसाठीची, पालकांनी भरायची चाळणी आहे. तिच्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं का एवढंच ठरतं. त्या दिवशी मूल आजारी होतं का, कोणत्या भाषेत विचारलं, बेरा झाली होती का, हेही ताडून बघा. मग दोन्ही रिपोर्ट घेऊन एकाच बालविकासतज्ज्ञाकडे बसा आणि विचारा की आज थेरपीत काय बदलायचं आणि पुन्हा कधी तपासायचं. लहान वयात साधारण सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. दिव्यांग प्रमाणपत्राचा विषय निघाला तर दचकू नका. वाचा व भाषेचा दोष, ऑटिझम, श्रवणदोष हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत येतात, आणि लहान मुलांना बहुधा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपताना पुन्हा तपासणी होते, म्हणून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.