गणपतीच्या फुलांसाठी जास्वंदीची छाटणी जुलैमध्ये करा

जास्वंद नव्या फुटीवरच कळी धरते. छाटणीपासून भरपूर फुलं मिळायला आठ ते दहा आठवडे लागतात. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आली आहे. नेहमीसारखी मृगातच कात्री लावली, तर जोमदार बहर श्रावणातच निघून जाईल. म्हणून यंदा छाटणी ६ ते २० जुलैदरम्यान घ्या, निम्मी झाडं आधी आणि निम्मी आठवड्याने. अनंत चतुर्दशीपर्यंत फूल पुरतं.

पाऊस उघडलेला दिवस बघून फांदीचा वरचा तिसरा हिस्सा, डोळ्याच्या, म्हणजे फूट निघते त्या जागेच्या किंचित वर, तिरका कापा. जाड कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावाच. नाहीतर झडीच्या पावसात फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते.

छाटलेल्या काड्यांतून पेन्सिलीएवढ्या जाड, १५ सेंमी लांब, तीन-चार डोळ्यांच्या काड्या निवडा. वरची दोन पानं ठेवा, तीही अर्धी कापा. निम्मी रेती, निम्मं कोकोपीट अशा मिश्रणात खोचून पागोळीपासून लांब, सावलीत ठेवा. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. देशी लाल एकेरी आणि झुंबर जास्वंद अशी सहज लागते. मोठ्या फुलांच्या संकरित जातींची मात्र देशी खुंटावरची कलमंच घ्यावीत.

वाशी-नेरूळकडच्या भरावाच्या जमिनीत पाणी साचून मुळं कुजतात, तिथे फूटभर उंच गादीवाफा करा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. अशा वेळी डीएपी हे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत देऊ नका, जादा स्फुरदाने झाडाला लोह आणखी कमी मिळतं.

शेंड्यावर मुंग्यांची रांग दिसली की पानं उलटून बघा, पांढरा पिठ्या ढेकूण सापडेल. लागलेले शेंडे काढून जाळा. दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी (कीड मारणारी मित्रबुरशी) ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून, पाऊस नसलेल्या संध्याकाळी फवारा. पूजेच्या आणि तेलाच्या फुलांवर रासायनिक कीटकनाशक नकोच.

फूल एकच दिवस टिकतं. त्यामुळे बाजारासाठी टपोरी, रंग दाखवणारी, घट्ट मिटलेली कळी आदल्या संध्याकाळी देठासकट खुडा. ती पाण्याविनाही सकाळी उमलते. दूरच्या मालापुढे ठाण्याच्या बागायतदाराची खरी सरशी इथेच आहे.

उरलेल्या फुलांचं तेल करताना पाव लिटर खोबरेल तेलाला दहा फुलं घ्या. आधी ती सावलीत सुकवा, मग तेलात घालून मंद आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवा. बुडबुडे येतायत म्हणजे पाणी शिल्लक आहे, आणि तसंच गाळलेलं तेल लवकर खवट होतं.