सुपरनोव्हा अवशेष: शब्द कुठे वापरायचा आणि एम १ दुर्बिणीत कसा धरायचा

तारा फुटतो ती घटना म्हणजे सुपरनोव्हा. त्या स्फोटात उधळलेले द्रव्य आणि वाटेत त्याने लोटत नेलेला आजूबाजूचा वायू, हा सगळा पसारा म्हणजे सुपरनोव्हा अवशेष. घटना काही महिन्यांत मंदावते, पसारा हजारो वर्षे टिकतो. त्यामुळे ‘काल रात्री सुपरनोव्हा पाहिला’ असे एम १ बद्दल, म्हणजे वृषभातल्या खेकडा तेजोमेघ या अवशेषाबद्दल, लिहिले की चुकलेच.

नुसते ‘तेजोमेघ’ म्हणूनही भागत नाही. मृगातला एम ४२ तेजोमेघच, पण तिथे तारे जन्माला येत आहेत. स्वरमंडळातला एम ५७ म्हणजे सूर्यासारख्या ताऱ्याने हळूहळू टाकून दिलेले बाहेरचे थर; स्फोट तिथेही नाही. स्फोट झाला असेल तरच अवशेष म्हणायचे.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. अवशेष म्हटला की मधोमध पल्सार, म्हणजे फुटलेल्या ताऱ्याचा वेगाने फिरणारा उरलेला गाभा, असणारच, असे धरले जाते. एम १ मध्ये तो आहे, सेकंदाला सुमारे ३० वेळा फिरतो. पण खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेने १५७२ मध्ये शर्मिष्ठेत पाहिलेला तारा हा श्वेतबटूचा, म्हणजे इंधन संपलेल्या लहान, घट्ट ताऱ्याचा स्फोट होता. अशा स्फोटात श्वेतबटू पुरता उधळतो, मागे गाभा उरत नाही. अवशेष मात्र दोन्हीकडे आहे.

वय सांगताना स्फोटाचा प्रकाश पृथ्वीवर पोचल्यापासून मोजायचा प्रघात आहे. एम १ चा स्फोट चिनी निरीक्षकांनी १०५४ च्या जुलैत नोंदवला, तो तारा २३ दिवस भरदिवसा दिसत होता. म्हणून वय साधारण ९७० वर्षे. अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे असल्याने प्रत्यक्ष स्फोट त्याआधी तेवढ्याच वर्षांपूर्वीचा, पण ती बेरीज वयात धरत नाहीत.

आता प्रत्यक्ष पाहायचे तर नवशिक्याने एम १, म्हणजे खेकडा तेजोमेघच घ्यावा. प्रत (तेजस्वितेचा आकडा; जितका मोठा तितके मंद) ८.४, आकार जेमतेम ६ × ४ कलामिनिटे (अंशाचे साठावे भाग). ६ किंवा ८ इंच व्यासाची दुर्बीण पुरे. चंद्र नसलेली रात्र हवी आणि शहराचा उजेड मागे टाकायला हवा. मुंबई-पुण्याच्या गच्चीवरून बहुतेक निराशाच पदरी पडते.

वृषभाची दोन शिंगे शोधा. उत्तरेकडचे अग्नी, दक्षिणेकडचे त्याहून मंद झीटा. एम १ झीटापासून वायव्येला साधारण १.१ अंशावर आहे. वृषभ पूर्वेला असताना नुसत्या डोळ्यांना ही दिशा वर आणि डावीकडे पडते. न्यूटोनियन (आरशाच्या) दुर्बिणीत चित्र उलटे दिसते, हे विसरू नका. १,२०० मिमी नाभीय अंतराच्या दुर्बिणीला ३० मिमीची नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) लावली की ४० पट वर्धन आणि सव्वा अंशाच्या आसपास क्षेत्र मिळते. झीटा त्या क्षेत्राच्या अगदी कडेला सरकवा, एम १ समोरच्या कडेजवळ आत येतो. सापडला की १०० पटीपर्यंत वाढवा.

आपल्याकडची खास अडचण वेगळीच. एम १ ची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचे उत्तरेकडचे अंतर) +२२ अंश, मुंबईचा अक्षांश १९. म्हणजे मध्यमंडळावर (डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि तिथे डॉब्सोनियन, म्हणजे आडव्या-उभ्या फिरणाऱ्या साध्या बैठकीवरची न्यूटोनियन, हलवता हलत नाही, आडवी फिरवली तरी क्षेत्र जागेवरच गोल फिरते. उपाय सोपा: मध्यमंडळाच्या दोन तास आधी किंवा नंतर पाहा, उंची साठेक अंश मिळते. डिसेंबरच्या मध्यावर तो मध्यरात्रीच्या सुमारास मध्यमंडळावर येतो, म्हणून रात्री १० ची वेळ धरा. फेब्रुवारीच्या मध्यावरही १० च, फक्त तेव्हा तो पश्चिमेला कललेला असतो.

डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास द्या. मोबाइल एकदा पाहिला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. थेट रोखून पाहू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. काचेवर सोडलेल्या श्वासासारखा करडा लांबट डाग उमटतो. फोटोतले लाल तंतू डोळ्यांना दिसणार नाहीत. ओ-थ्री फिल्टरही (तापलेल्या ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा जाऊ देणारा) इथे फारसा कामी येत नाही. एम १ चा बराचसा उजेड चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आहे, तो सर्व तरंगलांबींवर पसरलेला असतो आणि फिल्टर त्यातला बहुतेक अडवतो.

हाच फिल्टर हंसातल्या व्हेल तेजोमेघावर कमाल करतो, कारण तिथला प्रकाश तापलेल्या वायूच्या ठरावीक तरंगलांबींचा. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या संध्याकाळी ५२ सिग्नी हा तारा क्षेत्रात घ्या, कमीत कमी वर्धन ठेवा, फिल्टर लावा. पश्चिमेकडची पट्टी त्या ताऱ्यावरूनच जाते. सगळा अवशेष सुमारे ३ अंशांचा आहे, एका क्षेत्रात मावत नाही.

आकाशगंगेतले बहुतेक अवशेष धुळीआड आहेत आणि ते रेडिओ दुर्बिणींनीच सापडले. नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण हे काम करते. यादीत त्यांची नावे आकाशगंगेतल्या रेखांश-अक्षांशावरून पडतात. जी १८४.६−५.८ असे दिसले तर दचकू नका, तो आपला एम १ च.